दाराबाहेर बसलेल्या बायका

माझा बाप कागदावर अंगठा उठवायचा. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. म्हणूनच की काय, वर्गात एखादा तह शिकवताना माझे लक्ष सह्यांवर ठरत नाही. दाराबाहेर कोण ताटकळत होते, हे मी शोधू लागतो.

लायबेरियाचा तह असाच आहे. अमेरिकेतून आलेल्या मुक्त काळ्या माणसांनी १८४७ साली हे प्रजासत्ताक स्थापले. गुलामीचे वळ ज्यांच्या पिढ्यांनी सोसले, तेच तिथल्या मूळ रहिवाशांचे मालक झाले. वेठबिगारीचा प्रकार इतका वाढला की १९३० साली राष्ट्रसंघाच्या चौकशीने त्यावर बोट ठेवले आणि अध्यक्ष किंग यांना पायउतार व्हावे लागले. १९७२ साली काळ्यांच्या लढ्यावरून ‘पँथर’ हे नाव घेणाऱ्या आपल्या चळवळीने हेही पान वाचले पाहिजे. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही.

१९८० साली सॅम्युएल डो या मूळ रहिवासी सार्जंटने बंड करून सत्ता घेतली. पण त्यानेही आपल्याच जमातीला जवळ केले. १९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरच्या टोळ्या देशात घुसल्या. पुढची चौदा वर्षे, मधला थोडा काळ सोडला तर, रक्तपातात गेली. पोरांच्या हाती बंदुका आल्या. लाखांवर माणसे मेली.

२००३ साली मोनरोव्हियात ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून मासळीबाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसल्या. लेमा बोवी त्यांच्यात पुढे होत्या. बायकांनी आधी टेलरकडून वाटाघाटींचे वचन घेतले, मग बंडखोरांनाही गाठले. जूनमध्ये घानात बोलणी सुरू झाली. पुढारी हॉटेलात राहून खात्यांवर घासाघीस करत होते आणि इकडे मोनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैत या बायका सभागृहाच्या दारातच हातात हात गुंफून बसल्या. तोडगा निघेपर्यंत आतला माणूस बाहेर सोडायचा नाही! रक्षक धरायला आले, तेव्हा लेमाबाई अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईने असे करणे तिथे शाप मानतात. रक्षक मागे हटले. मध्यस्थ जनरल अबुबकर यांना बायकांशी बोलावे लागले.

११ ऑगस्टला टेलरने देश सोडला आणि १८ ऑगस्टला तह झाला. बहुतेक मंत्रिपदे मात्र वाटली गेली ती टेलरचे सरकार आणि दोन बंडखोर गट यांना, प्रत्येकी पाच. बंदूक होती म्हणून खुर्ची मिळाली. बायका तिथेच थांबल्या नाहीत. २००५ च्या निवडणुकीसाठी त्यांनी बाजाराबाजारांतून बायकांची नावे नोंदवली आणि एलेन जॉन्सन सरलीफ अध्यक्ष झाल्या.

गटातटांना एका टेबलावर आणणे महत्त्वाचे आहेच. पण ते टेबल कुणाच्या मढ्यावर मांडले आहे, हे विचारणारा माणूस दारात नसेल, तर तह म्हणजे फक्त वाटणीपत्र. हल्ली मी फळ्यावर सह्या करणाऱ्यांची नावे लिहितो आणि त्याखाली एक ओळ कोरी सोडतो. ती मुलांनी भरायची असते.