पाण्याची रोजनिशी

माझ्या आजोळी, कोकणात, भिंतीवर एकच घड्याळ होते आणि तेही बहुधा बंद असे. पण होडी केव्हा लोटायची यासाठी त्याची कुणाला गरज नव्हती. आजोबा विचारीत, "आज तिथी काय? तिची पाऊणपट कर." भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता भरती भरली! अष्टमीला सहा वाजता. भरती तिथीमागे सुमारे ४८ मिनिटे पुढे सरकते. आजोबांचा हिशेब ४५ चा. पौर्णिमेला तो पाऊण तास चुकायचा, पण होडीचे त्यावाचून अडत नसे.

आगबोटीचे मात्र अडते. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, भांगाला त्याहून पुष्कळच कमी. गोदीत जहाज घ्यायचे तर वेळ हवी आणि खोलीही हवी. ती आधी सांगायची, तर आधी पुष्कळ दिवस मोजायला हवे. म्हणून १८७८ पासून अपोलो बंदरावर भरती नोंदवणे सुरू झाले. सर्वेक्षण खात्याचे बेअर्ड हे या कामाचे सूत्रधार. यंत्र मोठे साधे. समुद्राशी जोडलेल्या विहिरीत एक तरंगता डबा. लाटांची खळबळ आत पोचत नाही, चढउतार तेवढा पोचतो. डब्याची तार वर पेन्सिलीला, आणि पेन्सिलीखाली घड्याळाच्या चाकांवर फिरणारा कागद गुंडाळलेला नळा. रात्रंदिवस समुद्र आपली रोजनिशी आपणच लिहितो!

त्या रेघेतून पुढचे भाकीत काढण्याची युक्ती विल्यम थॉमसन यांची; हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. भरती म्हणजे अनेक लहानमोठ्या लयींची बेरीज: चंद्राची १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची, आणि अशा कितीतरी. प्रत्येक लयीला एक कप्पी, साऱ्या कप्प्यांवरून एकच तार. दांडा फिरवला की बेरीज कागदावर उमटते. भारतीय बंदरांसाठी असे यंत्र लंडनमध्ये १८७९ साली तयार झाले. आजोबांच्या पाऊणपटीत एकटा चंद्र होता. इथे त्याचा सारा गोतावळा आला, एवढाच काय तो फरक.

पण माझे मन वेळापत्रकापेक्षा त्या रोजनिशीतच अधिक रमते. ऑगस्ट १८८३ मध्ये जावाजवळ क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, आणि हजारो मैलांवर भारताच्या किनाऱ्यावरील पेन्सिली कापू लागल्या. कोणत्याही कप्पीला ती लाट ठाऊक नव्हती. बेअर्ड यांनी ते कागद जुळवून, कोणत्या बंदरी ती केव्हा पोचली याचा वृत्तांत लिहिला.

जहाजांसाठी मांडलेली ही वही आज शहराच्याच कामी येते आहे. मुंबईच्या जुन्या नोंदी लावून पाहिल्या, तर विसाव्या शतकात समुद्राची सरासरी पातळी वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढलेली दिसते. आजोबांनी साठ वर्षे समुद्र पाहिला. तेवढ्यात तो दोन-अडीच इंच वर आला असेल, आणि त्यांना पत्ताही लागला नसेल.