लोकरी चौकोनांची पांघरुणे (दानार्थ)

निराश्रित बालके, रुग्ण, वृद्ध व आपद्ग्रस्त यांचे थंडीपासून रक्षण व्हावे या हेतूने अनेक व्यक्तींनी आपापल्या घरी, दोन सुयांवर अथवा क्रोशाच्या सुईने, ठरावीक मापाचे लोकरी तुकडे विणावेत आणि ते एका ठिकाणी गोळा होऊन परस्परांस जोडले जावेत, या रीतीने सिद्ध होणारे पांघरूण. मराठी वाचकास गोधडी किंवा वाकळ परिचित असल्यामुळे तुकड्यांपासून पांघरूण करण्याची कल्पना नवी वाटणार नाही. परंतु गोधडी ही घरातल्याच माणसासाठी शिवलेली असते, आणि कोणाच्या लुगड्याचा काठ तिच्यात कोठे बसला आहे हे त्या घराला ठाऊक असते. प्रस्तुत पांघरुणाची विणणारी, जोडणारी आणि पांघरणारे मूल यांची मात्र आयुष्यात बहुधा एकदाही गाठ पडत नाही. त्यांना बांधणारा करार एकच, तो मापाचा. आणि म्हणून या कामात सौंदर्यापेक्षा मापाला अधिक मान आहे.

विणकाम आणि लोकोपकार यांचा संबंध जुना आहे, मात्र त्याची दिशा सर्वकाळ एकच नव्हती. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधील स्त्रियांस क्रोशाची लेस शिकविण्यात आली, ती त्यांच्या हातांस उद्योग मिळून घरात चूल पेटावी म्हणून. तेथे गरजवंताने विणले व सधनाने विकत घेतले. दोन्ही महायुद्धांच्या काळात हा क्रम उलटला. रेड क्रॉससारख्या संस्थांच्या आवाहनावरून घरोघरच्या स्त्रियांनी सैनिकांसाठी पायमोजे व गळपट्टे विणले, आणि इस्पितळांतील जखमींसाठी उरल्यासुरल्या लोकरीचे चौकोन करून पांघरुणे जोडली. अमेरिकेत अशा पांघरुणास ‘अफगाण’ हे देशवाचक नाव एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे.

या कामास नियमबद्ध स्वरूप देण्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे ‘वॉर्म अप अमेरिका’ ही चळवळ. विस्कॉन्सिन राज्यातील वॉसॉ गावी लोकरीचे दुकान चालविणाऱ्या एव्ही रोझेन यांनी ती १९९१ मध्ये सुरू केली. अख्खे पांघरूण विणण्यास पुष्कळांना सवड नसते, काहींना तितका धीर नसतो, हे जाणून त्यांनी ७ × ९ इंचांचा तुकडा हे माप ठरविले. सात-सात तुकड्यांच्या सात ओळी, म्हणजे एकूण ४९ तुकडे जोडले की ४९ × ६३ इंचांचे पांघरूण होते. हिशोब साधा असला तरी त्याचा परिणाम दूरगामी झाला: ज्या नवशिकीच्या हातून पूर्ण वस्त्र कधी उतरले नसते, तिचाही एक तुकडा बिनचूक उपयोगी पडू लागला. कोलोरॅडोमध्ये १९९५ साली सुरू झालेला ‘प्रोजेक्ट लायनस’ हा उपक्रम आजारी व आघातग्रस्त मुलांना पांघरुणे पुरवितो. चार्ल्स शुल्झ यांच्या व्यंगचित्रमालेतील, आपले पांघरूण क्षणभरही न सोडणाऱ्या मुलाचे नाव त्यास दिले आहे. तेथे मुख्यतः सबंध पांघरुणे स्वीकारतात, म्हणून त्याचा येथे केवळ निर्देश केला आहे.

तुकडा विणण्याच्या पद्धती अनेक असल्या तरी सर्वच सारख्या हितावह नाहीत. एक ओळ सुलट व एक ओळ उलट असे विणले तर पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण कडा आतल्या बाजूस वळतात व जोडणारीची फार त्रेधा उडते. उलटपक्षी सर्व ओळी सुलट घातल्यास कापड जाड, दोन्ही बाजूंनी सारखे आणि सपाट राहते, म्हणून नवशिकीस हीच वीण सांगावी. टाके किती घालावेत हा प्रश्न लोकरीच्या जाडीवर आणि हाताच्या ताणावर अवलंबून असल्याने एकीचे तीस टाके दुसरीच्या पस्तिसांबरोबर भरतात. यावर कर्णरेषेच्या विणीची तोड आहे: एका टाक्यापासून आरंभ करून प्रत्येक ओळीत टाका वाढवीत जावे, बाजू इच्छित लांबीची झाली की त्याच क्रमाने घटवीत यावे, टाके मोजण्याची गरजच राहत नाही. क्रोशात साखळ्यांचे लहान वर्तुळ करून त्याभोवती तीन-तीन खांबांचे पुंजके व चार कोपरे घालीत वाढविलेला चौकोन सर्वांत लोकप्रिय आहे. त्यास इंग्रजीत आजीच्या नावाने ओळखतात, आणि अमेरिकेतील एका शेतकी नियतकालिकात १८८५ मध्ये त्याची कृती छापली गेली होती. तो झपाट्याने होतो, परंतु पुंजक्यांमधील भोकांतून वारा येतो. कडक थंडीसाठी खांब वा मुके खांब दाट घालून भरीव चौकोन करणेच योग्य. कृत्रिम धागा धुण्यास सोपा आणि स्वस्त असतो, पण ज्या झोपड्यांत उघड्या विस्तवापाशी मुले निजतात तेथे तो वितळण्याचा धोका असतो. अस्सल लोकर सहजासहजी पेट घेत नाही.

जोहान्सबर्ग येथील ‘निट-अ-स्क्वेअर’ हा उपक्रम या प्रकाराचे पूर्ण विकसित रूप होय. आफ्रिकेच्या नावाशी उष्णता जोडणाऱ्यांस तेथे पांघरुणे कशास, असा प्रश्न पडेल. परंतु हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर असून जून-जुलैच्या रात्री तेथे हिंव पडते, आणि पत्र्याच्या घरांत ते सरळ आत शिरते. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांची संख्या पन्नास लाखांवर पोहोचली असताना आईबाप गमावलेली असंख्य मुले आज्यांच्या पदरी आली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका कुटुंबाने जोहान्सबर्गमधील आपल्या आप्तांच्या साह्याने जगभरच्या विणणाऱ्यांस ८ इंची, म्हणजे २० सेंटिमीटरचे चौकोन पाठविण्याची विनंती केली. पाच-पाचांच्या सात ओळी, अशा ३५ चौकोनांचे एक पांघरूण होते. जोडकामात तेथील ‘गोगो’ही, म्हणजे झुलू भाषेतील आज्याही, हात लावतात. त्याच देशात, नेल्सन मंडेला यांच्या ६७ वर्षांच्या लोकसेवेचे स्मरण म्हणून कॅरोलिन स्टेन यांनी ‘६७ ब्लँकेट्स’ ही चळवळ उभारली. तिच्या विणणाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्ज येथे ३,३७७ चौरस मीटरचे पांघरूण पसरून विश्वविक्रम केला. पुढच्याच वर्षी चेन्नई येथे ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण करून तो मागे टाकला, आणि मागाहून त्याचे तुकडे सुटे करून दानार्थ वाटले.

असे चौकोन परदेशी पाठविताना टपालहशील व जकात यांचा भार कित्येकदा लोकरीच्या किमतीहून अधिक होतो, आणि तितक्या रकमेत गिरणीची पांघरुणे विकत घेता येतील, हा आक्षेप विचारार्ह आहे. त्याचे एकच समाधानकारक उत्तर दिसते, ते म्हणजे शक्य तेथे आपल्याच जिल्ह्यातील बालकाश्रमाची, वृद्धाश्रमाची किंवा इस्पितळाची गरज प्रथम विचारून त्यांच्या मापाने विणणे. मात्र जोडणाराच मिळाला नाही तर चौकोनांच्या थप्प्या कपाटात पडून राहतात. यास्तव विणणाऱ्यांइतक्याच जोडणाऱ्यांची तजवीज आधी झालेली असावी. आणि वाचकांपैकी जी कोणी हे काम हाती घेईल तिला विनंती अशी, की टाके बंद केल्यावर धागा बुडाशी कापू नये. हातभर लांब सोडावा. जोडणारीला तोच लागतो.