चुनी, मळी आणि आबकारी

कोल्हापूरच्या दक्षिणेस, ज्या तलावाने संस्थानकाळी शहराची तहान भागविली त्या कळंब्याच्या परिसरात, उसाची गोडी आणि कडधान्याचे सत्त्व शेजारी शेजारी नांदले. दोहोंचे हिशेब मात्र निराळ्या दफ्तरांत राहिले. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसविली ती गुळाच्या व्यापारासाठी. डाळीच्या नशिबी असला राजाश्रय नव्हता.

डाळ करण्याची रीत घरचीच. तुरीला तेलपाण्याचा हात फिरवावा, उन्हात कडकडीत वाळवावी, जात्यावर भरडून पाखडावी. डाळ माणसाच्या ताटात जाई. टरफले, कण्या आणि पीठ मिळून जी चुनी उरे, ती भिजवून म्हशीच्या आंबोणात पडे.

या चुनीतही पिष्ट असते आणि प्रथिनही. फ्रान्समध्ये पायेन आणि पर्सो यांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या सातूतून पिष्टाची साखर करणारे विकर वेगळे केले. बुखनरने १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते, हे दाखविले. तेव्हा डाळीचे पीठ पाण्यात शिजवून त्यास योग्य विकराची जोड दिली असता पिष्टाची साखर होऊन द्रवात उतरावी, तिचा मद्यार्क व्हावा आणि गाळात प्रथिनांचा अंश दाटून राहावा, ही युक्ती शास्त्राच्या आवाक्याबाहेरची नव्हती.

अडसर होता तो व्यवहाराचा. मळीत साखर आयतीच असते, यीस्ट घातले की काम सुरू. मग महागड्या डाळीचे पिष्ट फोडीत बसणार कोण? त्यातून आंबविणे म्हणजे आबकारीचा मामला. १९४८ मध्ये केंद्राने पेट्रोलात मद्यार्क मिसळण्यासाठी कायदा केला. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी प्रांतात दारूबंदीचा कायदा आला. एकाच द्रवाला एका दफ्तरातून उत्तेजन आणि दुसऱ्यातून मनाई, ही सरकारी मौज खरीच!

आता धान्यापासून इंधनाचा मद्यार्क काढणे राजमान्य झाले आहे. तथापि ज्या देशाला तूर ब्रह्मदेशातून आणावी लागते, त्याने डाळ भट्टीत घालणे मला अनुचित वाटते. चुनीचा प्रयोग मात्र अवश्य व्हावा. तिचे पिष्ट इंधनासाठी घेतले, तरी उरलेले प्रथिन जनावरांना घालता येते.