बॅकबेचा शेर आणि बँकेचा पैसा

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. एरवी आखूड धाग्याचा म्हणून ज्याला नाक मुरडले जाई, त्याच वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. युद्धाच्या चार वर्षांत नेहमीच्या कमाईवर सात कोटी पौंडांहून अधिक पैसा मुंबईत आला. भाव इतके चढले की लोकांनी घरातल्या गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात.

एवढा पैसा मुरायला शहरात जागा नव्हती. मग जागाच विकायला काढली गेली, तीही समुद्रातली. कुलाब्यापासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंतचा पश्चिम किनारा भरून काढायचा म्हणून बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिच्या जोडीला माझगाव, कुलाबा, एल्फिन्स्टन अशा जमीन-कंपन्या होत्या, आणि त्यांना पैसा पुरवायला बँका आणि ‘फायनान्शियल’ नावाच्या पेढ्या. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल आणि ८ जमीन-कंपन्या नांदत होत्या. ५,००० रुपये भरलेला बॅकबेचा शेर, म्हणजे शेअर, ५०,००० पर्यंत चढला. भरणी मात्र फारशी पुढे सरकली नव्हती.

या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस होता. प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतेचे, जैन दलाल, इंग्रजी जाणणारे, वय तेहतीस-चौतीस. नव्या कंपनीचे शेर कोणाला किती मिळायचे हे बव्हंशी त्यांच्या शब्दावर ठरे, आणि शेर पदरात पडला की त्याच दिवशी प्रीमियम, म्हणजे भरलेल्या रकमेवरचा चढा भाव, हाती येई. त्यामुळे त्यांच्या मर्जीसाठी शेठ-सावकारांपासून गोऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळे खेटे घालत. त्या वेळी विशीत असलेल्या दिनशा वाच्छांनी हे दिवस डोळ्यांनी पाहिले आणि पुढे १९१० मध्ये मुंबईच्या या आर्थिक पर्वावर पुस्तक लिहिले. या वेडातून सुटलेला वर्ग शोधूनही सापडला नसता. कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर, सगळे त्यात होते. प्राचीन लेखांचे जाणकार आणि शहराचे लाडके वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही मोठी कमाई या सट्ट्यात गेली.

हे सारे चालायचे कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. अर्धवट रक्कम भरलेला एक शेर घ्यायचा, तो बँकेत तारण ठेवायचा, मिळालेल्या कर्जातून दुसरा घ्यायचा, तोही तारण ठेवायचा. त्याच्या जोडीला वायदे. आज नुसता भाव ठरवायचा, पैसे आणि माल यांची देवघेव पुढच्या ठरल्या तारखेला. भाव चढत असेतोवर वायदेवाल्याला पदरचा पैसा लागतच नसे, तो मधला फरक तेवढा खिशात घाली. १८६५ च्या १ जुलैला असे असंख्य वायदे पुरे व्हायचे होते.

कर्ज देणाऱ्यांत सगळ्यात वजनदार होती १८४० ची बँक ऑफ बॉम्बे. मुंबई सरकारच तिचे भागधारक, संचालक मंडळावर सरकारने नेमलेली माणसे, म्हणून लोक तिला सरकारी पेढीच समजत. जुन्या सनदेत कोणत्या तारणावर कर्ज द्यायचे याची कडक बंधने होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती सैल केली आणि शेरांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. पुढे तर कित्येक कर्जे एकाच माणसाच्या सहीवर दिली गेली, आणि त्यांतली मोठी रक्कम प्रेमचंदांना व त्यांनी शिफारस केलेल्यांना मिळाली. सट्टेबाज त्या काळच्या मुंबईत पुष्कळ होते. पण सरकारचे नाव लावून लोकांचा विश्वास कमावायचा आणि तोच पैसा सट्ट्यात ओतायचा, हे करणारी बँक या प्रकरणातली खरी दोषी म्हणावी लागते.

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला, त्याच्यामागून शेर. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांची कोट्यवधींची पेढी बुडाली. त्यानंतर कोण कोणाला किती देणे लागतो याचा पत्ता लागेना, कारण प्रत्येकाचे येणे दुसऱ्याच्या देण्यावर टांगलेले होते. १ जुलै उजाडला तेव्हा वायदे पुरे करायला बाजारात पैसाच उरला नव्हता. ५०,००० चा बॅकबे २,००० च्याही खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा शेर २,८५० वर जाऊन आला होता, तो ८७ रुपयांवर आला.

त्याच वर्षी सरकारने नादारीचा खास कायदा केला. वायद्यांत अडकलेल्या व्यापाऱ्यांना मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली करून धनकोंशी तडजोड करता येऊ लागली. बाजार सावरायला तो हवाच होता. पण त्याचा आधार मोठ्या देणेकऱ्यांना झाला. साठवलेले पैसे रोख मोजून वरच्या भावाने शेर घेतलेल्या कारकुनाला तडजोड करायची तरी कोणाशी? १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती, १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ उरली. कामधंद्यासाठी आलेले लोक मंदीत परत गेले.

बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. चौकशीला सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. बँकेचे जवळपास सगळे भांडवल बुडीत कर्जांत गेले होते. १८७५ मध्ये शेरांच्या दलालांनी आपली संघटना बांधली, तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला.

सव्वाशे वर्षांनी त्याच बाजारात हर्षद मेहता या दलालाची तेजी आली. २०० रुपयांच्या आसपासचा एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर ९,००० वर गेला आणि २२ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ वर. दुसऱ्या दिवशी टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची बातमी आली आणि मेहताच्या तेजीचा पैसा कुठून येत होता ते उघडे पडले. तो बँकांचा होता. सरकारी रोख्यांच्या रेडी-फॉरवर्ड, म्हणजे आज विकून ठरल्या दिवशी परत घेण्याच्या, व्यवहारांत एका बँकेचा पैसा दुसरीकडे जाताना वाटेतच दलालाच्या खात्यात मुक्काम करी. रोखे हाती नसताना बँक रिसीटचा, म्हणजे रोखे देण्याची हमी देणाऱ्या पावतीचा, नुसता कागद फिरे. असे पोकळ कागद काढणाऱ्यांत बँक ऑफ कराडही होती. ती त्याच वर्षी अवसायनात निघाली आणि दलाल स्ट्रीटच्या खेळाची झळ थेट साताऱ्याकडच्या ठेवीदारांना बसली. चौकशीला नेमलेल्या जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा ४,०२४ कोटींवर नेला. तेजी होती तोवर बाहेर मात्र लोक मेहताला ‘बिग बुल’ म्हणत त्याच्यामागून स्वतःच्या फंडाचे पैसे लावत होते.

पुढे क्रिप्टो-चलनांच्या बाजारातही वेगळे काही घडले नाही. एफटीएक्स हा जगातल्या अव्वल क्रिप्टो-बाजारांपैकी एक होता. तिथे ग्राहकांनी ठेवलेला पैसा मालक सॅम बँकमन-फ्रीड याच्याच अलामेडा या सट्टा-कंपनीकडे वळवला जात होता. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे ८ अब्ज डॉलरचा खड्डा होता. मार्च २०२४ मध्ये बँकमन-फ्रीडला २५ वर्षांची शिक्षा झाली. परतफेडीची योजना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली, पण हिशोब धरला गेला तो दिवाळखोरीच्या दिवशीच्या डॉलर-भावाने. त्या दिवशी बिटकॉइन १७,००० डॉलरच्या आसपास होता, योजना मंजूर होताना ६०,००० च्या वर. खात्यात बिटकॉइन ठेवलेल्या ग्राहकाला परत मिळणार होते ते जुन्या भावाने मोजलेले डॉलर आणि वर व्याज.