जुन्या ध्वनिवर्धकाची कुळकथा

ज्या घरांत गाण्याची आवड दोन पिढ्यांपासून चालत आलेली आहे, त्या घराच्या माळ्यावर एखादी जड, धुळीनें माखलेली पत्र्याची पेटी कधीं कधीं सांपडते. तिच्या पाठीवर कांचेचे पांच-सात व्हॉल्व्ह उभे असतात आणि त्यांच्या मागें दोन-तीन लोखंडी ठोकळे बसविलेले असतात. हा पूर्वीच्या काळचा ध्वनिवर्धक होय. तबकडीवर फिरणाऱ्या सुईपाशीं उत्पन्न होणारी अतिसूक्ष्म विद्युत् वाढवून ती कर्णा हलवूं शकेल इतकी सबळ करावयाची, हें त्याचें काम. अशी पेटी हातीं आली म्हणजे कोणी ती भंगारवाल्यास देतो. कोणी उत्साहाच्या भरांत सरळ विजेला जोडून पाहतो. हे दोन्ही मार्ग मला घातुक वाटतात. ते कां, हें समजण्यासाठीं या यंत्राची कुळकथा थोडी पाहिली पाहिजे. कारण याचा सर्वांत मोठा गुण आणि याचा सर्वांत मोठा धोका हे एकाच शोधाच्या पोटीं जन्मलेले आहेत.

इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं 1904 सालीं पहिला निर्वात व्हॉल्व्ह केला. त्यांत तापलेली तार व तिच्यासमोर एक पत्रा, एवढ्या दोनच वस्तू होत्या. पुढें 1906 च्या सुमारास अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं या दोहोंच्या मध्यें तारेची एक जाळी बसविली, आणि जाळीवरील लहानशा विद्युतीनें पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह आंवरतां येऊं लागला. पाटाच्या तोंडाशीं असलेली लहान फळी वरखालीं केली कीं सगळें पाणी कमी-जास्त होतें, तसाच हा प्रकार. या युक्तीचा पहिला मोठा उपयोग गाण्यासाठीं झाला नाहीं; तो टेलिफोनसाठीं झाला. 1915 सालीं न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्यें संभाषण सुरू झालें, तें वाटेंत बसविलेल्या अशा वर्धकांच्या जोरावर.

परंतु व्हॉल्व्ह हा प्रामाणिक नोकर नव्हे. तो आवाज वाढवितो, पण वाढवितांना स्वतःच्या पदरचें कांहीं तरी त्यांत मिसळतो. शिवाय जसजसा तो जुना होतो, तसतशी त्याची शक्ति घटत जाते. एकामागून एक असे अनेक वर्धक मार्गावर असले, तर मूळ शब्द ओळखूं येणार नाहीं इतकी भेसळ साचते. बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील हॅरॉल्ड ब्लॅक हे तरुण इंजिनियर या प्रश्नाशीं कित्येक वर्षें झुंजत होते. 2 ऑगस्ट 1927 रोजीं सकाळीं हडसन नदीवरील नावेंतून कामावर जात असतां त्यांना एकाएकीं उत्तर सुचलें, आणि हातांतील 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्यांनीं तें लिहून काढलें. पेटंटाचा अर्ज त्यांनीं 1928 सालीं केला. पेटंट मिळावयास 1937 साल उजाडलें, इतकी ही कल्पना विपरीत वाटली.

ती कल्पना आम्हां शाळामास्तरांना मात्र परकी वाटूं नये. विद्यार्थ्यानें शुद्धलेखन लिहिल्यावर तें मूळ उताऱ्याशीं ताडून पाहावयाचें व जेवढें चुकलें तेवढें दुरुस्त करावयाचें, हा आमचा नित्याचा उद्योग. ब्लॅक यांनीं हेंच केलें. वर्धकांतून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश त्यांनीं उलटा करून पुन्हां तोंडाशीं आणला व मूळ आवाजाशीं ताडला. यामुळें आवाजाची वाढ कमी होते. परंतु यंत्रानें केलेली भेसळहि त्याच प्रमाणांत कमी होते, आणि व्हॉल्व्ह थोडा दुबळा झाला तरी बाहेर त्याची जाणीव होत नाहीं. यास निगेटिव्ह फीडबॅक असें नांव आहे.

हा शोध गृहस्थाच्या बैठकींत आणून सोडण्याचें श्रेय बव्हंशीं डी. टी. एन. विल्यमसन यांचें. महायुद्धाच्या काळांत हे तरुण गृहस्थ व्हॉल्व्ह तयार करणाऱ्या एका इंग्लिश कंपनींत काम करीत. 1947 सालच्या एप्रिल व मे महिन्यांत त्यांचे दोन लेख 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकांत आले. त्यांत केटी 66 जातीचे दोन व्हॉल्व्ह जोडीनें वापरलेल्या, 15 वॅट शक्तीच्या वर्धकाचा संपूर्ण आराखडा होता. भेसळीचें प्रमाण शेंकडा एकदशांशाहून कमी, ही त्याची ख्याति. यांतील फीडबॅक कर्ण्याला जोडणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरलाहि वेढून घेतो. म्हणून तो ट्रान्स्फॉर्मर तारेचे पदर एकांत एक गुंतवून फार काळजीनें गुंडाळावा लागे. आराखडा मात्र कोणीहि वाचावा, भाग जमवावे, पत्रा कापावा आणि डाख देऊन जोडावा, असा उघडा होता. देशोदेशींच्या हौशी लोकांनीं तो घरोघरीं बांधला. पुढें अमेरिकेंत हीथ कंपनीनें त्याच धर्तीचे सुटे भाग पेटींत भरून विकले, 1951 सालीं हॅफलर व केरोज यांनीं त्यांत सुधारणा सुचविली, आणि हजारों माणसें पुस्तिका समोर ठेवून वर्धक जोडावयास शिकलीं. दैवयोग असा कीं, ज्या 1947 सालीं हा आराखडा छापला गेला, त्याच सालच्या डिसेंबरांत व्हॉल्व्हचें राज्य घेणारा ट्रान्झिस्टर जन्मास आला.

आतां पेटीकडे वळूं. तिचे घटक वृद्ध झालेले आहेत. जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आंतून सुकतात. मेणकागदाचे कंडेन्सर ओल धरतात आणि जी विद्युत् त्यांनीं अडवावयाची ती गळूं देतात. ही गळती शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर गेली म्हणजे तो प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो व अखेर त्याचा पत्रा लाल होतो. आणि येथेंच ब्लॅक यांचा शोध आपणांस फसवितो. जो फीडबॅक भेसळ झांकतो, तो म्हातारपणहि झांकतो! आजारी यंत्र गोड गात राहतें, धनी समाधान पावतो, आणि एके दिवशीं ट्रान्स्फॉर्मरची तार जळून जाते. व्हॉल्व्ह आजहि रशिया, चीन, स्लोव्हाकिया या देशांत तयार होतात. कंडेन्सर तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. तो मूळचा ट्रान्स्फॉर्मर मात्र पुन्हां मिळणें कठीण. म्हणून नवशिक्यानें कानावर विसंबूं नये; मीटरवर विसंबावें.

त्याहूनहि मोठी गोष्ट जिवाची. या पेटींत चारशें-साडेचारशें व्होल्टचा दाब खेळतो आणि वीज बंद केल्यावरहि तो कंडेन्सरमध्यें दबा धरून बसतो. म्हणून प्रथम वीज तोडावी, योग्य रोधकांतून कंडेन्सर रिकामे करावे, आणि ते खरोखर रिकामे झाले हें मीटरनें पाहिल्यावांचून आंत बोट घालूं नये. जें मोजमाप वीज चालू असतांनाच करावें लागतें, तें जाणकार शेजारीं असल्यावांचून नवशिक्यानें करूं नये. मोजतांना एक हात पाठीमागें ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातींतून वाट मिळत नाहीं.

मग कामाचा क्रम असा. आराखडा मिळवून एकेक भाग त्याच्याशीं ताडावा व आहे त्या स्थितीचें चित्र काढून ठेवावें. संशयित कंडेन्सर एका वेळीं एकच बदलावा. त्यानंतर शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा विजेच्या मार्गांत घालून यंत्र सुरू करावें. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखरच राहिला तर तत्काळ बंद करावें. कर्णा जोडल्याशिवाय यंत्र कधींहि चालवूं नये. विल्यमसनच्या रचनेंत शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर जवळजवळ शून्य व्होल्ट असावयास हवेत. तेथें धन विद्युत् दिसली तर कंडेन्सर गळत आहे असें समजावें, मग गाणें कितीहि गोड लागो.

श्रोतेहो, घरीं दुरुस्ती करावी असें मी सांगतों, तें पैसे वांचविण्यासाठीं नव्हे. हें यंत्र अशा काळचें आहे कीं, ज्यानें तें कल्पिलें त्यानें आपली विद्या कुलुपांत न ठेवतां मासिकाच्या पानावर मांडली. ती वाचतां येणारा एक तरी माणूस घरांत असला, तर पेटी भंगारांत जाणार नाहीं. आणि घाईनें तिला वीज देऊन कोणी तिचा अगर आपला घातहि करून घेणार नाहीं.