शांतारामबापू : दोन भाषांतल्या घरांतला एक वाद

आपल्या भागातल्या मराठी घरांत दोन वाद कधी मिटले नाहीत. एक १९५६ च्या राज्य पुनर्रचनेचा आणि दुसरा व्ही. शांताराम यांचा. पहिल्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. दुसऱ्याला मात्र आपण जेवणानंतरच्या गप्पांपलीकडे जागा दिली नाही.

आमचे थोरले काका ‘कुंकू’च्या पक्षाचे, तर मामा ‘नवरंग’च्या. काकांच्या मते १९४२ साली बापूंनी ‘प्रभात’ सोडली आणि त्यांच्यातला विचारवंत पुण्यातच राहिला. मुंबईत ‘राजकमल’ काढायला गेला तो नुसता रंगारी. त्यावर मामा म्हणत, सिनेमा डोळ्यांनी बघायचा असतो. ज्याने डोळ्यांना मेजवानी दिली, त्याच्या पानावर बसून त्यालाच नावे ठेवणे बरे नव्हे. दोघेही हट्टी, आणि दोघांचेही अर्धे खरे. म्हणून थोडा इतिहास तपासावा असे मला वाटते.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ सालचा, कोल्हापूरचा. आडनावातच कानडी मातीचा वास आहे. उमेदवारीच्या काळात ते हुबळीला होते. दिवसा रेल्वेच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी पत्र्याच्या थिएटरात मिळेल ती मदत. फाळक्यांची चित्रे त्यांनी तिथे पाहिली. पुढे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकून १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी केली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. हा मुलूख त्या वेळी भाषेच्या कुंपणांनी वाटलेला नव्हता. पहिला कानडी बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) कोल्हापूरच्याच छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला, हे आपल्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की बापूंची शैली मूकपटात वाढली. जिथे शब्द नाही, तिथे चित्रालाच बोलावे लागते. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये पडदाभर दिसणारा राजगुरूचा तो एकच डोळा आठवा. त्या डोळ्याला भाषांतर लागत नाही. घरात मराठी, बाजारात कानडी आणि निजामाच्या कचेरीत उर्दू अशा तीन जिभांवर दिवस काढणाऱ्या आपल्या वाडवडिलांना असा सिनेमा का जवळचा वाटला असेल, ते वेगळे सांगायला नको.

‘कुंकू’ (१९३७) ही या शैलीची सर्वांत कसदार कमाई. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेली ही गोष्ट. म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांची कामे तर थोर आहेतच. पण बापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीतच ठेवले नाही. घड्याळ, घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, एवढ्यावर भागवले. नटवेपणाचा आरोप ज्यांच्यावर होतो त्यांनीच हा संयम दाखवला आहे. मामांच्या पक्षाने हे लक्षात घ्यावे. आणि काकांच्या पक्षाने हेही मान्य करावे, की म्हाताऱ्याला आत्महत्या करायला लावून प्रश्न सोडवणे ही पळवाट आहे. नीरेच्या बंडाला समाजाने द्यायचे उत्तर तिथे दिलेच जात नाही.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी ‘शेजारी’ची (१९४१). एक हिंदू आणि एक मुसलमान, जिवाभावाचे दोन वृद्ध मित्र. गावाजवळ धरण होणार असते आणि त्यात ज्यांचा स्वार्थ ते दोघांत फूट पाडतात. शेवटी धरण फुटते, तेव्हा दोघे हातात हात घालून मरतात. हिंदी ‘पडोसी’त बापूंनी हिंदूची भूमिका मझहर खान यांना दिली आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांना. कोणतेही भाषण न करता केलेले हे भाष्य होते.

टीकाकार म्हणतात, चित्रपट बोधप्रद आहे, आणि फुटणारे धरण म्हणजे देखाव्याचा सोस. कबूल. पण आपण तो बीदर-कलबुर्गीच्या ओट्यावर बसून पाहतो. चित्रपट आला आणि सातच वर्षांत, १९४८ मध्ये, रझाकारांचा धुमाकूळ आणि मागोमाग पोलीस कारवाई आपल्या दारात आली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत बीदर आणि गुलबर्गा होते. उस्मानाबाद आणि नांदेड उरलेले दोन. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडले. आधी एका बाजूची घरे जळाली, मग दुसऱ्या बाजूची. धरण खरोखरच फुटले होते, आणि प्रत्येक गावात हात धरणारे शेजारी मिळाले असे नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांना त्या अखेरच्या दृश्यात नाटकीपणा दिसणे कठीण आहे.

पुढचे बापू वेगळे. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) यांत रंग, घुंगरू आणि कारंजी इतकी, की गोष्ट शोधावी लागते. पण या दोहोंच्या मधोमध ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आहे. औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरची ग. दि. माडगूळकरांची कथा, कृष्णधवल चित्रण, आणि बर्लिनला १९५८ मध्ये रौप्य अस्वल. म्हणजे विचारवंत पुण्यातच राहिला हे काकांचे म्हणणे टिकत नाही. ‘पिंजरा’ने (१९७२) मराठी प्रेक्षकाला वेड लावले हे खरे, पण ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावरून घेतलेल्या या कथेत मास्तरांच्या अधःपाताचे ओझे तमासगिरिणीच्या माथी जास्त पडते, हा आक्षेपही खोटा नाही.

माझा निवाडा एवढाच. बापूंच्या हाती वजनदार गोष्ट आली तेव्हा शैली तिची जीभ झाली. गोष्ट हलकी असली की तीच शैली नुसती सजावट उरली. हा भेद साल पाहून करू नये, चित्रपट पाहून करावा. आणि तो करायला आपल्यासारखा परीक्षक दुसरा नाही. समोरच्याचे सगळे शब्द कळले नाहीत तरी त्याचा चेहरा वाचायचा, ही सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. बीदर जिल्हा १९५६ साली तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर तिकडे गेले, भालकी इकडे राहिली. शेजार मात्र कोणत्याही आयोगाला वाटता आला नाही. तो आपला आपणच सांभाळायचा असतो.