देवनागरी जेव्हा एक कार्ड होती

अंबरनाथहून, शिवमंदिराच्या जवळच्या एका गल्लीत रेकॉर्ड केलेल्या आपल्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना मागून रिक्षांचे हॉर्न फार येतात, अशी तक्रार असणाऱ्यांची इथे सोय आहे. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की कॉम्प्युटरला नवीन काही जोडलं, माऊस म्हणा, प्रिंटर म्हणा, तर ऑपरेटिंग सिस्टीमला ते कळतं कसं? माझं रोजचं कामच या प्रश्नाच्या आसपासचं आहे, त्यामुळे उत्तर तासभर देता येईल. पण आज ते एका मराठी गोष्टीतून सांगतो. कारण एक काळ असा होता की आपली लिपीच एक उपकरण होती. पीसीचं झाकण उघडायचं, स्लॉटमध्ये कार्ड बसवायचं, आणि मग स्क्रीनवर 'अ' दिसायचा. त्या कार्डाचं नाव जिस्ट.

आधी मूळ अडचण

कुठलंही उपकरण जोडलं की ऑपरेटिंग सिस्टीमसमोर तीन प्रश्न येतात. हे कुठे आहे? त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर ते मला हाक कशी मारणार? आणि त्याची भाषा कोणाला येते?

पहिल्याचं उत्तर म्हणजे पत्ता. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं हातातलं काम थांबवून लक्ष वेधून घेण्याची सोय. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे ड्रायव्हर, त्या उपकरणाची भाषा जाणणारा छोटा प्रोग्राम.

बेल लॅब्समध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्स बनलं, तेव्हा एक फार सुंदर युक्ती वापरली गेली. प्रत्येक उपकरण फाईलसारखं दाखवायचं. प्रिंटरला पाठवायचंय? 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमधल्या त्याच्या फाईलमध्ये लिहा. टर्मिनलवरून वाचायचंय? त्याची फाईल वाचा. वरच्या प्रोग्रामला खालचं यंत्र कोणत्या कंपनीचं आहे याची फिकीर नाही. आजचं लिनक्सही मुळात असंच वागतं.

आपल्याकडे घराघरांत, ऑफिसांत पोहोचला तो मात्र आयबीएमच्या पद्धतीचा पीसी. मूळ आयबीएम पीसी १९८१चा. त्यात इंटरप्टच्या फक्त आठ तारा होत्या. पुढे १९८४च्या एटी मॉडेलमध्ये आणखी एक चिप जोडून वापरण्याजोग्या १५ झाल्या. कीबोर्डला एक, टायमरला एक, फ्लॉपीला एक, सिरीयल पोर्टना दोन, असं करत तारा संपत यायच्या. नवीन कार्ड घेतलं की त्यावरच्या बारीक पिनांवर प्लास्टिकची टोपी बसवून, म्हणजे जंपर लावून, 'तू पाच नंबर घे' असं माणसाने ठरवायचं. दोन कार्डांना एकच नंबर गेला की दोन्ही बिघडल्यासारखी वागणार, आणि चूक कुठे आहे हे स्क्रीनवर कोणी सांगणार नाही.

ड्रायव्हरचंही तसंच. १९८३मध्ये आलेल्या डॉस २.०मध्ये 'कॉन्फिग' फाईलमध्ये एक ओळ लिहून बाहेरचा ड्रायव्हर चढवायची सोय झाली. ही कल्पना युनिक्सवरूनच घेतलेली. पण ती ओळ लिहायची कोणी? तुम्ही. म्हणजे त्या काळात कॉम्प्युटरच्या आत काय काय बसवलंय हे ऑपरेटिंग सिस्टीमला नाही, ते बसवणाऱ्या माणसाला माहीत असायचं.

स्क्रीनला देवनागरी का येत नव्हती

आता आपल्या गल्लीतलं उदाहरण घेऊ. शिवमंदिरात एक शिलालेख आहे. संस्कृत भाषा, नागरी लिपी, शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळातला, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चा. सुरुवातीच्या अभ्यासकांनी हा आकडा ७८२ असा वाचला होता, आणि त्यामुळे मंदिर दोनशे वर्षं जुनं ठरलं होतं. आकड्यातलं एक चिन्ह झिजलं की शतकं इकडची तिकडे होतात, एवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

तो लेख कोरणाऱ्याला जोडाक्षराचं टेन्शन नव्हतं. 'क' आणि 'ष' एकत्र आले की 'क्ष' कोरायचा, मात्रा वर, उकार खाली, सगळं त्याच्या हातात. पीसीच्या डिस्प्ले कार्डाला असे हात नव्हते. त्याच्या चिपमध्ये २५६ चिन्हांची चित्रं कायमची भरलेली असत. प्रोग्राम फक्त नंबर पाठवायचा, ६५ म्हटलं की इंग्रजी 'ए', आणि कार्ड ते चित्र ठरलेल्या चौकोनात छापायचं. ८० रकाने, २५ ओळी. एक नंबर, एक चौकोन, एक चित्र.

मराठी यात बसत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी नंतर उच्चारायची पण आधी काढायची. 'र' चार ठिकाणी चार रूपं घेतो. 'क्षीरसागर' हे आडनाव घ्या. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, पण सुटं करून मोजलं तर क, हलन्त, ष, दीर्घ वेलांटी, र, स, काना, ग, र, असे नऊ घटक. मग नऊ चौकोन द्यायचे की पाच? प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र नंबर द्यायचा तर २५६ पुरत नाहीत. आणि डॉसला याबद्दल काही विचारायची सोयच नाही, कारण अक्षर कसं दिसतं हा विषय तिच्या अखत्यारीतच नव्हता.

कानपूर ते पुणे

यावरचं काम १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि हे काम तिथे आलं. सी-डॅक म्हटलं की सगळ्यांना परम महासंगणक आणि विजय भटकर आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच इमारतीतलं दुसरं मोठं काम म्हणजे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालचं जिस्ट.

त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, मराठी-हिंदीसाठी वेगळे प्रोग्राम लिहायचे, म्हणजे वेगळा वर्ड प्रोसेसर, वेगळा डेटाबेस. दुसरा, लोक जे वापरतायत तेच, म्हणजे वर्डस्टार, डीबेस, लोटस, न बदलता मराठीत चालवायचं. त्यांनी दुसरा घेतला. आणि डॉस बदलता येत नसल्यामुळे लिपीचं सगळं ज्ञान एका कार्डात घातलं.

कल्पना अशी. प्रोग्रामला वाटतंय की आपण नेहमीसारखे आठ बिटांचे नंबर स्क्रीनकडे पाठवतोय. कार्ड ते नंबर बघतं, खालचे १२८ असले तर इंग्रजी, वरच्या भागातले असले तर भारतीय लिपी. मग हलन्त आला का, पुढे काय आहे, वेलांटी कुठे न्यायची, हे ठरवून जोडलेलं अक्षर काढतं. कीबोर्डच्या बाजूलाही तेच. कॅप्स लॉक दाबलं की इंग्रजीचं मराठी. डीबेसला आपण मराठी बोलतोय याचा पत्ताही नाही.

इथे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो कार्डाबद्दल नाहीच. तो आहे काय साठवायचं याबद्दल. फाईलमध्ये चित्र साठवायचं नाही, मूळ घटक साठवायचे. 'क्ष'साठी क, हलन्त, ष. त्याचं रूप दाखवताना ठरेल. या घटकांची अधिकृत यादी म्हणजे इस्की. १९८८मध्ये एक आवृत्ती आली आणि १९९१मध्ये ती भारतीय मानक म्हणून, आयएस १३१९४ या क्रमांकाने, प्रसिद्ध झाली. सोबत इनस्क्रिप्ट कीबोर्डही आला, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला.

याचे फायदे बघा. घटक वर्णमालेच्या क्रमाने लावलेले, त्यामुळे नावांची यादी बऱ्यापैकी बरोबर क्रमाने लागते. आणि ब्राह्मीपासून आलेल्या लिप्यांची चौकट सारखी असल्यामुळे तोच 'क' देवनागरीत दाखवा, गुजरातीत दाखवा, कन्नडमध्ये दाखवा, फाईल तीच.

तोटेही होते. प्रत्येक मशीनला एक कार्ड, म्हणजे एक स्लॉट गेला आणि पैसे गेले. कार्ड नसलेल्या मशीनवर तीच फाईल उघडली की स्क्रीनवर रेघा, चौकटी आणि भलतीच चिन्हं.

दुसरा रस्ता, आणि त्याची किंमत

नव्वदच्या दशकात विंडोज आलं. आता स्क्रीनवर चौकोन नव्हते, फॉन्ट होते. मग स्वस्त युक्ती निघाली. इंग्रजी 'ए'च्या जागी मराठीचा एखादा तुकडा काढलेला फॉन्ट बनवायचा. ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं इंग्रजी चाललंय, डोळ्यांना मराठी दिसतं. वर्तमानपत्रं, छापखाने, डीटीपीवाले, सगळं महाराष्ट्रातलं छपाईचं काम यावर उभं राहिलं. काही पॅकेजेससोबत प्रिंटर पोर्टला लावायचं लॉक यायचं. लॉक काढलं की मराठी बंद. म्हणजे लिपी पुन्हा एक उपकरणच!

पण इथे साठवलं काय जातं? घटक नाही, तुकड्यांचे नंबर. आणि प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळे. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका छोट्या छापखानेवाल्या काकांनी मला एक सीडी दिली. आत पंधरा-वीस वर्षांचे दिवाळी अंक. उघडलं तर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. फॉन्ट गेला, लॉक गेलं, मजकूर आहे पण वाचता येत नाही. तुकड्यांचा तक्ता बसवून बसवून बराचसा सोडवला, तरी काही जोडाक्षरं अंदाजानेच लावावी लागली. मंदिरातला ७८२ आणि ९८२चा घोळ व्हायला शतकं लागली होती. इथे वीस पुरली.

उपकरणं स्वतःची ओळख सांगू लागली

तिकडे हार्डवेअरच्या जगात जंपरचा जाच संपत होता. पीसीआय बस १९९२मध्ये आली. तिच्यावरचं प्रत्येक कार्ड विचारल्यावर आपल्या कंपनीचा आणि आपल्या मॉडेलचा नंबर सांगतं. २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आलं, प्लग अँड प्ले घेऊन. म्हणजे पत्ता आणि इंटरप्ट ऑपरेटिंग सिस्टीमने वाटायचे, माणसाने नाही. सुरुवातीला ते इतकं बेभरवशाचं होतं की लोक त्याला 'प्लग अँड प्रे' म्हणायचे. एप्रिल १९९८मध्ये शिकागोच्या कॉमडेक्समध्ये बिल गेट्स यांच्यासमोरच विंडोज ९८ला स्कॅनर जोडला आणि स्क्रीन निळी झाली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच.

यूएसबीने (१९९६) हे आणखी सोपं केलं. आज तुम्ही कीबोर्ड लावता तेव्हा काय होतं? पोर्टला तारेवरच्या व्होल्टेजवरून कळतं की कोणीतरी आलंय. सिस्टीम त्याला रीसेट करते, एक नंबर देते आणि विचारते, तू कोण? तो आपलं वर्णनपत्र देतो, त्यात लिहिलेलं असतं की मी अमुक कंपनीचा, आणि माझा वर्ग 'माणसाने हाताळायचं उपकरण'. मग कंपनी कोणतीही असो, त्या वर्गाचा एकच सामायिक ड्रायव्हर पुरतो. उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेला बिननावाचा कीबोर्डही चालतो, तो यामुळे. सगळ्यांनी एकच वर्णनपत्र मान्य केलं, एवढंच त्यामागचं रहस्य.

आणि देवनागरीचंही शेवटी असंच झालं. १९९१च्या युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. विंडोज २०००पासून देवनागरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत आली. एक्सपीमध्ये ती असूनही बंद असायची. सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, मग ते सीडी मागायचं. आज फोनमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. जिस्ट कार्डात जे ज्ञान होतं, वेलांटी कुठे, रफार कुठे, 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक कसा दाखवायचा, ते आता अक्षररचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

मग कार्डाचं काय उरलं?

कार्ड गेलं, त्याचा स्लॉटही गेला. उरलं ते इनस्क्रिप्ट, जे आजही विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मिळतं, आणि उरली घटक साठवायची पद्धत. इस्कीतली जुनी फाईल आज साध्या तक्त्याने युनिकोडमध्ये येते. फॉन्टच्या युक्तीतली फाईल त्या त्या फॉन्टचा तक्ता मिळाला तरच. दोन्ही त्या वेळी स्क्रीनवर सारख्याच छान दिसत होत्या. फरक वीस वर्षांनी कळला.

म्हणून आज कोणी नवीन मराठी ॲप दाखवलं, की मी आधी विचारतो, मजकूर बाहेर कसा काढायचा? उत्तर 'युनिकोडमध्ये' असं नसेल, तर त्यात आपलं काही महत्त्वाचं ठेवू नका.

आणि एक काम तुमच्यासाठी. घरात, ऑफिसच्या माळ्यावर, कुठल्या पतपेढीच्या कपाटात जुन्या मराठी फाईलींच्या फ्लॉपी किंवा सीडी असतील, तर भंगारात द्यायच्या आधी त्यांची कॉपी करून घ्या. ज्या फॉन्टमध्ये टाईप केलं, तो फॉन्टही सोबत ठेवा आणि वर त्याचं नाव लिहून ठेवा. कोणाकडे खरंखुरं जिस्ट कार्ड असेल तर कळवा, मला एकदा हातात घेऊन त्यावरचे जंपर बघायचेत.

पुढच्या भागात प्रिंटर. तोपर्यंत नमस्कार!